दोनशे रुपयांचा मल्टिमीटर: आधी त्याची परीक्षा, मग सर्किटची

"काका, अडॅप्टर गेला. बाराचा आहे आणि पंचवीस दाखवतोय."

गणपतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत हे वाक्य रामबागेतल्या आमच्या घरी हमखास ऐकू येतं. मखराला एलईडी पट्टी लावायची असते, कुणाला अनंत चतुर्दशीच्या झांकीसारखे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांसारखे, पळते दिवे घरीच करायचे असतात, आणि हातात असतो इंदूरच्या बाजारातून आणलेला पिवळा नाहीतर काळा मीटर. अडॅप्टर ठणठणीत असतो. मीटरचा नॉब एसीवर असतो, अडॅप्टर मात्र डीसी देतो. या मीटरमधली एसी रेंज एका डायोडने (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) अर्धीच लाट घेते आणि समोर २३० व्होल्टवाली गुळगुळीत लाटच आहे असं गृहीत धरून हिशेब करते. तिला सरळ डीसी दिलं की सव्वादोन पटींच्या आसपास आकडा येतो. प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, उलटे लावले तर तोच मीटर शून्य दाखवतो. म्हणजे मीटर खोटं बोलत नाही, त्याला प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

डीटी-८३० या नावाने किंवा त्याच घाटाचे जे मीटर मिळतात त्यांच्याबद्दल हे लिहितोय. साधारण दीडशे-दोनशे ते तीनशे रुपये किंमत, मधोमध मोठा नॉब, १९९९ पर्यंत आकडे, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. हे मीटर टाकाऊ नाहीत. छोट्या डीसी सर्किटच्या कामाला, म्हणजे ३ व्होल्टपासून २४ व्होल्टपर्यंत, ते किमतीच्या मानाने आश्चर्य वाटावं इतके बरोबर असतात. पण काही जागा अशा आहेत जिथे ते चुकतात, आणि एक जागा अशी आहे जिथे ते घातक ठरतात. या जागा पहिल्याच संध्याकाळी माहीत करून घ्या. त्यासाठी लागेल: ९ व्होल्टची आणखी एक बॅटरी, एक पेन्सिल सेल, १ टक्क्याचे तीन रेझिस्टर (१ किलोओम, १०० किलोओम, १ मेगाओम), एक टीएल४३१ (ठरावीक व्होल्ट धरून ठेवणारा तीन पायांचा छोटा आयसी) आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर. बॅटरी सोडली तर सगळं मिळून चहा-पोह्यांच्या पैशांत येतं.

१. दुकानात असतानाच

इंदूरमध्ये जेल रोडवर किंवा महाराणी रोडवर घ्या, दुकानदार बहुधा स्वतःच म्हणतो, "भिया, चेक करके ले जाओ." त्याचं ऐका. ऑनलाइन मागवलात तर हीच तपासणी घरी, परत करण्याची मुदत संपायच्या आत.

नॉब पूर्ण गोल फिरवून प्रत्येक रेंजवर डिस्प्ले बघा. आकड्यांच्या रेघा तुटक दिसत असतील तर तो मीटर बाजूला ठेवा. ओमच्या रेंजवर प्रोब मोकळे असताना डावीकडे एकटा १ दिसला पाहिजे. रेंजच्या बाहेर गेल्याची ती खूण आहे. 'एक ओम' असा त्याचा अर्थ नाही. प्रोब एकमेकांना टेकवले की आकडा शून्याजवळ यायला हवा.

मग नॉब त्याच जागी ठेवून बोटाने हलकेच डावी-उजवीकडे हलवा. आकडा नाचला तर आतली संपर्कपट्टी नीट बसत नाही. असा मीटर घरी आणू नका, तो पुढे प्रत्येक वाचनात तुम्हाला शंकेत ठेवेल.

बीप हवी असेल तर आधी विचारा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन मीटरांत एकाला बीप असते, दुसऱ्याला नसते. माझं मत, बीप नसलेला घेऊच नका. तुटलेली वायर शोधताना नजर सर्किटवर हवी, डिस्प्लेवर नको.

ट्रान्झिस्टर लावायच्या गोल सॉकेटवर फार भाळू नका. त्यातल्या पट्ट्या सैल असतात, आणि आकडा बोटाच्या उबेनेही सरकतो. बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे तो करंट किती पट वाढवतो तो आकडा, मुळात गटाप्रमाणे ११० पासून ८०० पर्यंत काहीही असतो. ट्रान्झिस्टर जिवंत आहे का आणि पाय कुठला कुठे, एवढंच त्या सॉकेटला विचारावं.

२. पाठ उघडून बघा

प्रोब काढा, नॉब ऑफवर न्या, मागचे स्क्रू सोडा.

बॅटरी काढून तिच्यावरची तारीख बघा. मीटरसोबत येणारी बॅटरी बहुतेक वेळा अर्धमेली असते. मी ती पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या घड्याळाला देऊन टाकली असती, पण घड्याळाला चौकोनी बॅटरी चालत नाही.

आत काचेचा छोटा फ्यूज दिसेल. त्यावर लिहिलेला आकडा टिपून ठेवा, बहुधा २०० मिलीअँपिअर असतो. तो फक्त मिलीअँपिअरच्या वाटेवर आहे. १० अँपिअरच्या भोकामागे एक जाड वाकवलेली तार दिसेल आणि तिथे फ्यूज नसेल. पुढच्या बाजूला त्या भोकाजवळ तसं बारीक अक्षरांत छापलेलंही असतं, पण ते कुणी वाचत नाही.

बोर्डवर एक लहान गोल प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) असतो. त्याला हात लावू नका. मीटर जुळवण्याची चावी तीच आहे, आणि एकदा हलली की परत कुठे होती ते कळत नाही.

थांबा आणि बघा: भोकांच्या पाठीमागचे सोल्डरचे ठिपके भरीव आणि चकचकीत आहेत का? एखादं भोक हलत असेल तर आत्ताच पुन्हा सोल्डर करा. झाकण परत लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. वायरी

या मीटरचा सगळ्यात वाईट भाग मीटरच्या बाहेर आहे. सोबत मिळणाऱ्या वायरींत तांब्याच्या चार-दोन केसांएवढ्या तारा असतात आणि त्या प्रोबच्या मुळाशी तुटतात.

२०० ओमच्या रेंजवर प्रोबची टोकं घट्ट धरून ठेवा आणि वायर दोन्ही मुळांशी वाकवत राहा. आकडा स्थिर राहिला पाहिजे. अर्ध्या-एक ओमपर्यंत आकडा आला तर चालेल, तो लिहून ठेवा आणि लहान रेझिस्टर मोजताना वजा करा. दर वाकवण्याला आकडा उडत असेल तर वायरी बदला. सिलिकॉनच्या मऊ वायरींची जोडी कधीकधी मीटरच्या निम्म्या किमतीला येते, तरी घ्या. मगरीच्या चिमट्यांची एक जोडीही घ्या. दोन हात, दोन प्रोब आणि वरून सर्किट धरायचं, हे जमत नाही, आणि घसरलेल्या प्रोबने जेवढे आयसी मेले आहेत तेवढे उलट्या बॅटरीनेही मेले नसतील.

४. मीटरची परीक्षा

इथे घाई करू नका. पुढचा सगळा भरवसा या तासाभरावर आहे.

*व्होल्टची परीक्षा.* टीएल४३१ चे रेफरन्स आणि कॅथोड हे दोन पाय एकत्र जोडा. ९ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस १ किलोओममधून तिथे द्या, मायनस अॅनोडला. आता कॅथोड आणि अॅनोडच्या मध्ये २.४९५ व्होल्ट तयार झाले. साधा नग २ टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे २.४५ ते २.५४ च्या आसपास. नावाच्या शेवटी बी असलेला अर्ध्या टक्क्यातला असतो. मिळाला तर तोच आणा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून वाचा. बी-नगावर २.४७ ते २.५२ आलं तर मीटर उत्तम आहे.

पेन्सिल सेलने ही परीक्षा होत नाही. नवा सेल १.५ असेल, १.६ असेल, त्याच्या मनावर. तो फक्त भलताच आकडा येत नाही ना, हे बघायला.

ही टीएल४३१ ची जोडणी मोडू नका. एका छोट्या बोर्डच्या तुकड्यावर पक्की करून मीटरसोबत ठेवा. कारण मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की हे मीटर कमी नाही, जास्त दाखवू लागतात. आतला चिप ज्या संदर्भाशी तुलना करतो तोच खाली घसरतो, म्हणून मोजलेली गोष्ट मोठी दिसते. बॅटरी उतरल्याची खूण काही मीटरांत उमटते, काहींत उमटतच नाही. पाच व्होल्टच्या रेग्युलेटरवर ५.४ दिसले म्हणून चांगला ७८०५ काढून फेकलेला माणूस मला माहीत आहे. रोज आरशात दिसतो. अशा वेळी आधी टीएल४३१ वर प्रोब टेकवा. तिथे २.७ दिसले तर बॅटरी बदला, सर्किटला हात लावू नका.

*ओमची परीक्षा.* १ किलोओमचा रेझिस्टर २००० च्या रेंजवर ९८० ते १०२० मध्ये यावा. १०० किलोओमचा २०० किलोच्या रेंजवर ९८ ते १०२ मध्ये. रेझिस्टर टेबलावर ठेवून मोजा. दोन्ही टोकांना बोटं लावून धरलात तर अंगही समांतर जोडलं जातं, आणि पावसाळ्यात ओलसर हातांनी मोठे रेझिस्टर हमखास कमी दिसतात.

*मीटर किती ओझं टाकतो, त्याची परीक्षा.* ही कुणीच करत नाही. मीटर व्होल्ट मोजताना सर्किटमधून थोडा करंट पितो. चांगले मीटर १० मेगाओमचे असतात. या स्वस्त घाटातले अनेक फक्त १ मेगाओमचे. तुमचा कुठला, ते असं बघा. मोकळी ९ व्होल्टची बॅटरी आधी सरळ मोजा, समजा ९.२ आले. आता १ मेगाओमचा रेझिस्टर मध्ये मालिकेत घालून पुन्हा मोजा. आकडा निम्म्यावर, ४.६ च्या जवळ आला तर मीटर १ मेगाओमचा. ८.३६ च्या जवळ राहिला तर १० मेगाओमचा.

फरक कुठे पडतो? ९ व्होल्टवर १ मेगाओमचे दोन रेझिस्टर लावून मधला बिंदू मोजा. खरे ४.५ व्होल्ट आहेत. १ मेगाओमचा मीटर तिथे ३ दाखवेल, कारण तोच तिसरा रेझिस्टर होऊन बसतो. १० मेगाओमचा सुमारे ४.२९ दाखवेल. अंधार पडला की लागणारा दिवा, स्पर्शाने चालणारं बटण, पाण्याच्या टाकीचा सेन्सर, या सगळ्यांत मोठे रेझिस्टर असतात आणि तिथेच मुलं "हिशेब बरोबर, व्होल्ट चूक" म्हणत डोकं धरून बसतात. १० किलोओमपर्यंतच्या सर्किटमध्ये याची चिंता नको.

५. पाठीवर चिठ्ठी

कागदाच्या पट्टीवर लिहा आणि पारदर्शक टेपने मीटरच्या पाठीवर लावा: टीएल४३१ वर किती दाखवतो, वायरींचा ओम किती, आतला मेगाओम किती, बॅटरी बदलल्याची तारीख. माझ्या जुन्या मीटरच्या पाठीवर 'लाल वायर कुठे?' असंही लिहिलंय. ते का, पुढे येईलच.

६. व्होल्ट मोजण्याचा क्रम

१. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे का, हे आधी *डोळ्यांनी* बघा.

२. डीसी की एसी ठरवा. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ म्हणजे एसी.

३. अंदाजापेक्षा वरची रेंज लावा, मग खाली या.

४. काळा प्रोब चिमट्याने मायनसला पक्का करा, लाल एका हातात.

५. वाचा, आणि शक्य तितक्या खालच्या रेंजवर पुन्हा वाचा.

शेवटची पायरी लोक गाळतात. या मीटरची डीसी अचूकता सहसा अर्धा टक्का अधिक शेवटचे दोन आकडे अशी दिलेली असते. ५ व्होल्ट २० च्या रेंजवर मोजलेत तर चूक फार तर ०.०४-०.०५ ची. तेच २०० च्या रेंजवर मोजलेत तर शेवटचे दोन आकडे म्हणजेच ०.२ व्होल्ट, आणि ४.८ काय, ५.२ काय, दोन्ही त्याच्या लेखी ठीकच.

आर्डुइनो बोर्डच्या पीडब्ल्यूएम पायावर (जो व्होल्ट झपाट्याने चालू-बंद करत राहतो) ५ च्या ऐवजी अडीच दिसले तर पाय बिघडलेला नाही. मीटर सरासरी दाखवतोय.

७. ओम, बीप आणि डायोड

पुरवठा बंद. नुसता बंद नाही, काढलेला. मोठे कॅपॅसिटर असतील तर एखाद्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि व्होल्टवर मोजून शून्य झाल्याची खात्री करून मगच नॉब ओमवर न्या. चालू सर्किटमध्ये ओमची रेंज लावणं हा मीटर मारण्याचा सर्वांत झटपट उपाय आहे.

बोर्डवर बसलेला रेझिस्टर अपेक्षेपेक्षा *कमी* दिसला तर तो बहुधा चांगला आहे, आजूबाजूच्या वाटा मोजल्या जाताहेत. *जास्त* दिसला तर मात्र तो गेला. शंका असेल तर एक पाय सोल्डरमधून सोडवून मोजा.

बीप वाजली म्हणजे जोड पक्का, असंही नाही. बीप कित्येक ओमपर्यंत वाजते. मोटर किंवा लांब एलईडी पट्टीच्या वाटेत दोन ओमचा कच्चा जोड असला तरी ती खुशीत वाजेल. अशा ठिकाणी २०० ओमच्या रेंजवर आकडा वाचा, वायरींचा ओम वजा करा.

डायोडच्या रेंजवर साधा सिलिकॉन डायोड ५०० ते ७०० दाखवतो, हे मिलीव्होल्ट आहेत. शॉट्की जातीचा डायोड त्याच्या निम्म्यावर. लाल एलईडी मंद पेटतो आणि १६००-१८०० च्या जवळ येतो. निळा किंवा पांढरा एलईडी मात्र डिस्प्लेवर १ दाखवतो, फार तर किंचित मिणमिणतो. तो मेलेला नाही! त्याला लागणारे व्होल्ट या डिस्प्लेच्या १९९९ च्या पलीकडचे आहेत. दरवर्षी कुणीतरी पांढऱ्या एलईडीचं अख्खं पाकीट दुकानदाराला परत करायला निघालेलं असतं.

८. करंट: इथे सगळ्यात जास्त चुका

व्होल्ट दोन बिंदूंच्या *मध्ये* मोजतात. करंट मोजायला सर्किट *तोडावं* लागतं आणि त्या तुटलेल्या जागी मीटर बसवावा लागतो. करंटच्या रेंजवर मीटर म्हणजे जवळजवळ नुसती वायर. ती बॅटरीच्या दोन टोकांना लावली की शॉर्ट.

क्रम असा, आणि हा क्रम बदलायचा नाही:

१. पुरवठा बंद करा.

२. प्लसची वायर एका जागी सोडवा.

३. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, *मग* नॉब १० अँपिअरवर न्या. करंट लहान असेल असं वाटलं तरी सुरुवात इथूनच.

४. चिमट्यांनी मीटर त्या फटीत जोडा.

५. पुरवठा चालू करा, दहा सेकंदांत आकडा वाचा, बंद करा.

६. आकडा ०.१५ च्या खाली असेल तरच लाल वायर मिलीअँपिअरच्या भोकात (बहुतेक मीटरांत तेच व्होल्टचंही भोक असतं) हलवून २०० मिलीअँपिअरची रेंज वापरा.

७. मोजून झालं, पुरवठा बंद, चिमटे सोडले, की *सगळ्यात आधी* लाल वायर परत व्होल्टच्या भोकात. चहा नंतर.

सातवी पायरी एकदा माझ्याकडून राहिली. संध्याकाळी १० अँपिअरवर पट्टीचा करंट मोजला, सकाळी तोच मीटर उचलला, नॉब व्होल्टवर फिरवला आणि प्रोब इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला लावले. नॉब व्होल्टवर असल्याने काही फरक पडत नाही, भोकामागची जाड तार आपल्या जागी असतेच. वायरींचं प्लास्टिक वितळून आईच्या टेबलक्लॉथवर दोन समांतर रेघा उमटल्या, त्या अजून आहेत. पाठीवरची चिठ्ठी तेव्हापासूनची.

एलईडी पट्टीचा अंदाज आधी कागदावर करा. १२ व्होल्टची, मीटरभर लांबीत ६० मोठे एलईडी असलेली ५०५० जातीची पट्टी पूर्ण पेटवली की मीटरभराला सुमारे १.२ अँपिअर घेते. दोन मीटरचे झाले २.४. हे २०० मिलीअँपिअरच्या भोकातून घ्यायला जाल तर फ्यूज त्याच क्षणी जाईल. आणि गेला तर लिहिलेल्या आकड्याचाच दुसरा बसवा. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळू नका, तांब्याची तारही नको.

वायफायचे छोटे बोर्ड मोजताना वेगळीच गंमत होते. मीटर लावला की बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो, काढला की नीट चालतो. सिग्नल पाठवताना ते क्षणभर ३०० मिलीअँपिअरच्याही वर खेचतात, आणि तेवढ्यात मीटर, फ्यूज आणि बारीक वायरी मिळून व्होल्ट खातात. अशा ठिकाणी १० अँपिअरचं भोक आणि आखूड जाड वायरी वापरा. किंवा १ ओमचा रेझिस्टर प्लसच्या वाटेत कायमचा घाला आणि त्याच्या दोन टोकांतले व्होल्ट मोजा: १ मिलीव्होल्ट म्हणजे १ मिलीअँपिअर. करंटची रेंज लागतच नाही, लाल वायर हलवावी लागत नाही. मी आता बहुतेक वेळा असंच करतो.

९. जिथे हा मीटर न्यायचाच नाही

घरातला स्विचबोर्ड, मीटरपेटी, मिक्सर, गीझर, पंपाचं स्टार्टर. या मीटरवर ७५० व्होल्ट एसी छापलेलं असतं, क्वचित सुरक्षेचा कॅट-३ शिक्काही असतो. शिक्का छापायला फक्त शाई लागते. आतल्या काचेच्या फ्यूजमध्ये घराच्या लाइनचा शॉर्ट विझवायची ताकद नसते, १० अँपिअरच्या वाटेवर तर फ्यूजच नाही, आणि लाल वायर चुकून तिथे राहिली तर हातात स्फोट होतो. लोक सॉकेटमध्ये प्रोब घालतात आणि २३२ दिसतात, काहीच होत नाही. म्हणूनच सवय लागते. त्या कामाला नामांकित कंपनीचा खराखुरा कॅट-३, ६०० व्होल्टचा मीटर, नाहीतर वायरमन.

अडॅप्टर किंवा एसएमपीएसचं (लाइनवरून डीसी देणाऱ्या पुरवठ्याच्या डब्याचं) झाकण उघडलं की तोही याच यादीत. आतला मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही ३२० व्होल्टच्या आसपास धरून ठेवू शकतो. बाहेरच्या १२ व्होल्टच्या टोकाला हा मीटर खुशाल लावा.

थोडे पैसे जमले की अनेकजण हा मीटर काढून टाकून महागडा घेतात. मी म्हणेन, टाकू नका. रेग्युलेटरची किंवा बॅटरीची चाचणी करताना व्होल्ट आणि करंट एकाच वेळी बघावे लागतात आणि तिथे एका महागड्या मीटरपेक्षा दोन साधे उपयोगी पडतात. एक व्होल्टवर, एक करंटवर, आणि करंटवाल्यावर लाल चिकटपट्टी, म्हणजे घाईत तो कुणी बॅटरीला लावणार नाही.

ठेवून देताना नॉब ऑफवर. हे मीटर आपोआप बंद होत नाहीत. दोन-तीन महिने वापरायचा नसेल तर बॅटरी बाहेर काढा. पावसाळ्यात कपाटात गळलेल्या बॅटरीने तिची क्लिप खाल्ली की मग सोल्डर धरत नाही.